लातूर ते मंत्रालय : वृत्तवाहिनीच्या प्रतिनिधीची वाटचाल

२००७ च्या जूनमध्ये लातूरच्या गंजगोलाईजवळच्या एका फोटो स्टुडिओवाल्याकडून मी लग्नाच्या चित्रीकरणात झिजलेला एक कॅमेरा हप्त्याने विकत घेतला. तो मिनी डीव्ही टेपवर चालत असे, त्याच्या व्ह्यूफाइंडरचे रबर फाटलेले होते आणि सोबत मिळालेल्या दोन बॅटऱ्यांपैकी एक वीस मिनिटांत मान टाकत असे. तोवर आमच्या भागात टीव्हीवरच्या बातम्या म्हणजे दूरदर्शनच्या सातच्या बातम्या आणि २००० पासून सुरू झालेल्या ई टीव्ही मराठीची बातमीपत्रे. त्या वर्षी मात्र झी २४ तास आणि स्टार माझा सुरू झाल्या, पुढच्या वर्षी आयबीएन लोकमत आली, आणि चोवीस तास बातम्या द्यायच्या तर प्रत्येक वाहिनीला प्रत्येक जिल्ह्यात एक माणूस लागणार हे उघड होते. फक्त तो माणूस पगारावर नको होता. अशा माणसाला स्ट्रिंगर म्हणतात. मी एका वाहिनीचा लातूर जिल्ह्याचा स्ट्रिंगर झालो, आणि या व्यवसायातील माझी वाट तिथून सुरू झाली.

स्ट्रिंगरच्या हातात वाहिनीचे नाव असलेला बूम, म्हणजे माइक असतो, गावातले लोक त्याला त्या वाहिनीच्याच नावाने ओळखतात, पण तो वाहिनीचा नोकर नसतो. त्याला पैसे मिळतात ते प्रसारित झालेल्या बातमीमागे. माझे एका बातमीचे तीनशे रुपये ठरले होते. मोटारसायकलवर उदगीरला किंवा निलंग्याला जाऊन दिवसभर चित्रीकरण करावे आणि त्याच संध्याकाळी मुंबईत काही मोठे घडल्यामुळे आपली बातमी वगळली जावी, असे महिन्यातून चार-पाच वेळा तरी होई, आणि मग पेट्रोलचा खर्चही अंगावर पडे. बिले तीन-तीन, चार-चार महिन्यांनी निघत. एका वाहिनीने माझी सात महिन्यांची बिले शेवटपर्यंत दिली नाहीत. त्या काळात मी सकाळी एका खासगी शिकवणीत इतिहास आणि मराठी शिकवत होतो, म्हणूनच घर चालले. ज्यांच्याकडे असा दुसरा आधार नव्हता ते माझ्यापेक्षा चांगले बातमीदार असूनही दोन-तीन वर्षांत बाहेर पडले, आणि त्याचे मला आजही वाईट वाटते.

टेप मुंबईला पोचवणे हे बातमी मिळवण्याइतकेच मोठे काम होते. रात्री मुंबईकडे निघणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या चालकाच्या हातात मी पाकीट देत असे आणि गाडीचा नंबर फोन करून कार्यालयात कळवत असे. सकाळी सायनला ऑफिसचा मुलगा ते पाकीट उतरवून घेई. म्हणजे मंगळवारी घडलेली गोष्ट लोकांना बुधवारी दुपारी दिसे. तातडीची बातमी असली की अंबाजोगाई रोडवरचे एक इंटरनेट कॅफे गाठावे लागे. तिथे टेपवरचे चित्रीकरण संगणकात उतरवून, कापून, आकाराने लहान करून एफटीपीने, म्हणजे इंटरनेटवरून फाइल पाठवण्याच्या सोयीने, चढवायचे. तीन मिनिटांच्या चित्रीकरणाला तास-सव्वा तास लागे आणि काम संपत आलेले असताना भारनियमनाची वेळ झाली की सारे पहिल्यापासून करावे लागे. मजकूर श्रीलिपीत टाइप करून पाठवत असू. डेस्कवरच्या, म्हणजे मुंबईतल्या संपादन विभागातल्या, संगणकात तो फाँट नसला तर अक्षरांच्या जागी नुसत्या चित्रविचित्र खुणा दिसत, आणि मग मी तीच बातमी फोनवर वाक्यावाक्याने सांगत असे.

मला बातमी सांगायला कुणी शिकवले असेल तर या फोनवरच्या सांगण्याने. डेस्कवर एक ज्येष्ठ उपसंपादक होत्या. मी सांगू लागलो की त्या मध्येच थांबवून विचारत, “हे तुम्ही पाहिलंत, की तुम्हाला कुणी सांगितलं?” सांगितले असेल तर कुणी, तो तिथे होता का, असे पुढचे प्रश्न येत. सुरुवातीला मला या विचारण्याचा राग येत असे, कारण जिल्ह्यातल्या माणसावर मुंबईचा विश्वास नाही असे वाटे. पुढे लक्षात आले की त्या मुंबईच्या प्रतिनिधींनाही हेच विचारत. त्याच काळात मी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून वृत्तपत्रविद्येची पदवी पूर्ण केली. पदवीचा उपयोग नोकरीच्या अर्जात झाला. प्रश्न विचारून झाल्यावर गप्प बसावे, कारण माणूस पहिल्या वाक्यात तयार उत्तर देतो आणि थोडे थांबून दुसऱ्या वाक्यात मनातले बोलतो, हे मात्र मी बाईट, म्हणजे लोकांची कॅमेऱ्यासमोरची प्रतिक्रिया, घेता घेताच शिकलो.

त्या वर्षांतला एक प्रसंग सांगितलाच पाहिजे. औसा तालुक्यातील एका गावात शेतकऱ्याने आत्महत्या केली होती. अशा कुटुंबाला सरकारकडून एक लाख रुपये मिळतात, त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीच्या रूपाने. परंतु त्याआधी प्रकरण मदतीस पात्र की अपात्र हे समिती ठरवते, आणि हे प्रकरण अपात्र ठरले होते. मी घरात गेलो तेव्हा दाराच्या आतल्या भिंतीवर कोळशाने मांडलेला हिशेब दिसला: तारखा, रकमा आणि दोन नावे. कर्जाचा याहून बोलका पुरावा कुठे मिळणार होता? मी त्याचे सावकाश, जवळून चित्रीकरण केले. निघताना त्या शेतकऱ्याची पत्नी हळू आवाजात म्हणाली, “ते भितीवरचं तेवढं दाखवू नगा, दादा. पेरणीला पुन्हा त्यांच्याच दारात जायचंय.” अंगणात येऊन मी टेप मागे घेतली आणि बरोबर त्या जागेवर दावणीला बांधलेल्या बैलाचे चित्रीकरण केले, म्हणजे आधीचे पुसले गेले. बातमी त्या भिंतीशिवाय गेली आणि डेस्कला ती ठीकठाक वाटली. जे डोळ्यांनी पाहिले ते सांगावे, एवढे मला तोवर कळले होते. पाहिलेलेही कधी कधी आपल्याजवळ ठेवावे लागते, हे त्या दिवशी कळले.

२०१० च्या अखेरीस एका वाहिनीने मला मुंबईत मुलाखतीला बोलावले. लेखी परीक्षेत एका शासन निर्णयावरून दीड मिनिटाची बातमी लिहायची होती, ती सोपी गेली. नंतर कॅमेऱ्यासमोर उभे करून दोन मिनिटे न थांबता बोलायला सांगितले. मी लातूरच्या पाणीपुरवठ्यावर बोललो, पण बोलण्याच्या भरात दोनदा ‘करायलोय’ आणि एकदा ‘जायलोय’ तोंडातून गेले. मुलाखत घेणाऱ्यांपैकी एकाने उच्चार सुधारावे लागतील असे सांगितले, तर दुसऱ्यांनी, गावात गेल्यावर हीच बोली कामाला येईल, ती मोडू नका, असे बजावले. दोघांचेही मी ऐकले. कळव्याला तिघांत मिळून घेतलेल्या खोलीत रोज सकाळी वर्तमानपत्राचा अग्रलेख मोठ्याने वाचत असे आणि गावाकडच्या माणसाशी आजही त्याच्याच भाषेत बोलतो. पगार महिन्याला चौदा हजार ठरला. तारखेला पैसे खात्यात जमा होण्याचे सुख स्ट्रिंगर राहिलेल्या माणसालाच कळेल.

मुंबईत नव्या प्रतिनिधीला बहुधा महापालिका किंवा गुन्हे यांपैकी एक बीट, म्हणजे बातम्यांचे ठरलेले क्षेत्र, मिळते. मला महापालिका मिळाली. २२७ प्रभाग, स्थायी समिती, अर्थसंकल्प, रस्ते आणि नाले यांत दोन वर्षे गेली. त्या वर्षांत मी कागद वाचायला शिकलो, त्यामुळे ती वाया गेली असे मला वाटत नाही. पावसाळ्यात मात्र सगळ्या वाहिन्यांचे प्रतिनिधी हिंदमाता, गांधी मार्केट आणि मिलन सबवे या पाणी तुंबणाऱ्या जागीच भेटत. भरतीची वेळ आणि लाटेची उंची पाठ असे. गुडघाभर पाण्यात उभे राहून बोलण्याची तिथे चढाओढ लागे, आणि पाच पावले मागे रस्ता कोरडा असला तरी कॅमेरा तिकडे वळत नसे. मीही तसे केले आहे. एकदा आमच्या कॅमेरामनने मला पदपथावरून खाली, खोलगट जागी उभे केले आणि पाणी मांडीपर्यंत दिसले. दुपारी आईचा फोन आला. मुंबई बुडाली असे समजून तिने माझ्या धाकट्या भावाला मुंबईला यायला निघू दिले नव्हते. त्याची दुसऱ्या दिवशी दादरला मुलाखत होती.

लाइव्हचे तंत्र या काळात अंगवळणी पडले. ओबी व्हॅन म्हणजे थेट प्रक्षेपणाची गाडी. तिच्या छतावरच्या डिशमधून निघालेला संकेत सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाकडे जातो आणि परत खाली येतो. वाटेतल्या यंत्रांचा वेळ धरून अँकरचा प्रश्न आपल्या कानात थोडा उशिराच पोचतो. त्या एक-दोन सेकंदांत चेहरा कोरा ठेवून उभे राहणे नवख्याला फार जड जाते. कानातल्या टॉकबॅकवर, म्हणजे स्टुडिओशी जोडलेल्या इअरफोनवर, एकाच वेळी अँकरचा आवाज, निर्मात्याची सूचना आणि कधी कधी बातम्यांची कामे वाटणाऱ्या असाइनमेंट डेस्कची ओरड असते. समोर गर्दी असते, मागे कुणी हात हलवत असतो, आणि तोंडाने मात्र सलग, अर्थपूर्ण वाक्ये यावी लागतात. सरावाने हे जमते. कानात येणाऱ्या गोष्टींपैकी कोणती आपल्या तोंडून बाहेर जाऊ द्यायची आणि कोणती नाही, हे सरावाने जमत नाही. ते मला माळीणला शिकावे लागले.

३० जुलै २०१४ च्या सकाळी पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यात माळीण गावावर डोंगर कोसळला. रोजच्या वाटेने आलेल्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसले नाही आणि बाहेरच्या जगाला बातमी समजली ती त्याच्याकडून. आम्ही दुपारी मुंबईहून निघालो आणि मंचर, घोडेगाव, डिंभे असे करत पोचेपर्यंत अंधार पडला होता. पाऊस थांबत नव्हता. ओबी व्हॅन अलीकडेच थांबवावी लागली, मोबाइलला रेंज नव्हती, आणि पुढे चिखलातून चालत जायचे होते. जिथे घरे होती तिथे लाल मातीचा उतार होता. एनडीआरएफचे, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे, जवान जेसीबीच्या दिव्यांत काम करत होते. यंत्र मध्येच थांबे, सगळे गप्प होत, हाताने माती बाजूला केली जाई. त्या शांततेचा अर्थ तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून डेस्कला आकडा हवा होता. किती घरे गाडली गेली याचा अंदाज अधिकारी देत होते, पण माणसे किती याची खात्री कुणालाच नव्हती. काही जण रात्री दुसऱ्या गावी मुक्कामाला असतील, काही मुले आश्रमशाळेत असतील, काही पाहुणे गावात आलेले असतील. साडेअकराच्या लाइव्हला उभा राहिलो तेव्हा कानात आवाज आला की दुसऱ्या एका वाहिनीवर मोठा आकडा चालू आहे, आपणही घ्या. पुढच्या वाक्यात मी तो आकडा बोलून गेलो. ‘भीती व्यक्त केली जात आहे’ असे जोडले, पण ती भीती कुणी व्यक्त केली होती? लाइव्ह संपल्यावर बाजूला उभा असलेला, पावसाने निथळत असलेला एक माणूस माझ्याजवळ आला. त्याचा भाऊ, भावजय आणि दोन पुतणे मातीखाली होते. तो रागावला नव्हता. “साहेब, एवढी माणसं आहेत आत, असं तुम्हाला कुणी सांगितलं?” एवढेच त्याने विचारले. त्याला वाटले होते की यादी मिळाली, आणि त्या यादीत आपल्या माणसांची नावे आहेत का ते त्याला पाहायचे होते.

माझ्याजवळ यादी नव्हती. तसे मी त्याला सांगितले आणि तो परत मातीच्या काठाशी जाऊन उभा राहिला. त्यानंतर मी तलाठी आणि ग्रामसेवक यांना शोधून काढले. ते शाळेचा पट, मतदार यादी आणि आजूबाजूच्या वाड्यांतील नातेवाइकांची माहिती जुळवत बसले होते, एकेका नावापुढे खूण करत. दोन तास मी त्यांच्याजवळ बसलो. पुढच्या लाइव्हमध्ये मी आधीचा आकडा माझ्या माहितीतला नव्हता असे स्पष्ट सांगितले आणि यादी कशी तयार होत आहे ते सांगितले. निर्मात्याला ते आवडले नाही. शोधकार्य आठवड्याभराहून अधिक चालले आणि मृतांची संख्या १५१ झाली. मी बोललेला आकडा त्याहून वेगळा होता, पण तो योगायोगाने बरोबर ठरला असता तरी माझी चूक तेवढीच राहिली असती. तेव्हापासून कोणताही आकडा तोंडातून काढण्याआधी मी स्वतःला ‘कुणी मोजले?’ असे विचारतो.

या सवयीचा उपयोग २०१६ च्या एप्रिलमध्ये माझ्याच गावी झाला. मांजरा धरण कोरडे पडले होते. पाण्याच्या टाक्यांजवळ भांडणे होऊ नयेत म्हणून मार्चमध्ये लातुरात जमावबंदी लावावी लागली होती, आणि मिरजेहून रेल्वेने पाणी आणायचे ठरले. वरिष्ठ प्रतिनिधी म्हणून मला मुद्दाम तिकडे पाठवले गेले. तोवर ओबी व्हॅनची गरज कमी झाली होती. अनेक सिमकार्डांची क्षमता एकत्र करून चित्र पाठवणारी लाइव्ह बॅग पाठीवर घातली की कुठूनही थेट प्रक्षेपण करता येत असे. १२ एप्रिलच्या पहाटे जवळपास साडेतीनशे किलोमीटरचे अंतर कापून दहा वाघिणींची ती गाडी स्थानकात आली, तेव्हा फलाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. लातूरची तहान भागली, असे शब्द माझ्या दोन्ही बाजूंनी ऐकू येत होते. गाडीत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ३ लाख ८० हजारांवर होती. मी तेवढेच बोललो: आज आलेले पाणी माणशी सव्वा लिटरच्या आसपास आहे, ते आधी विहिरीत उतरवले जाईल, मग शुद्ध होईल, आणि त्यानंतर टँकरने घराघरांत पोचेल. काही दिवसांनी पन्नास वाघिणींची गाडी आली, तेव्हा त्याच पद्धतीने तिचाही हिशेब दिला. पहिली गाडी आली त्या रात्री, ज्या गल्लीत मी वाढलो तिथल्या मावशींनी फोन करून विचारले, “सव्वा लिटर म्हणजे आमच्याकडं टँकर आठवड्यातून किती वेळा येणार, ते सांग.” हा प्रश्न मी दुसऱ्या दिवशी महापालिका आयुक्तांना विचारला, आणि तिसऱ्या दिवशीची बातमी तीच झाली.

मंत्रालयाचे बीट मला २०१७ मध्ये मिळाले. बाहेरून पाहणाऱ्याला ती या वाटचालीची सर्वांत वरची पायरी वाटते. नागपूरचे हिवाळी अधिवेशन, विधानभवनाच्या पायऱ्या, अधिस्वीकृती पत्र म्हणजे सरकारमान्य पत्रकाराचे ओळखपत्र, मंत्र्यांशी ओळखी, हे सारे त्यात आहे. तिथे डोळ्यांनी दिसणारे फार थोडे असते आणि बहुतेक गोष्टी ‘सूत्रांकडून’ येतात, ही त्यातली खरी अडचण आहे. २२ नोव्हेंबर २०१९ च्या रात्री मुख्यमंत्रिपदासाठी उद्धव ठाकरे यांच्या नावावर एकमत झाल्याचे शरद पवार यांनी सांगितले आणि आम्ही सगळ्यांनी पुढचा कार्यक्रम ठरल्यासारखा बोलून दाखवला. दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास राजभवनात देवेंद्र फडणवीस यांनी मुख्यमंत्रिपदाची आणि अजित पवार यांनी उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. मी तेव्हा घरी चहा पीत होतो. तीन दिवसांनी फडणवीस यांनी राजीनामा दिला. त्या आठवड्यात माझी एकही बातमी खोटी नव्हती, पण रात्री ‘ठरले आहे’ असे म्हणण्याऐवजी ‘ठरल्याचे सांगण्यात आले आहे’ असे म्हटले असते तर सकाळी प्रेक्षकाला फसवल्यासारखे वाटले नसते. मराठीत या दोन क्रियापदांत पुरेसे अंतर आहे आणि प्रतिनिधीने ते जपावे असे मी नव्या मुलांना आग्रहाने सांगतो.

आता मी विशेष प्रतिनिधी आहे, त्याशिवाय राज्यातील प्रतिनिधी आणि स्ट्रिंगर यांच्याशी समन्वयाचे कामही माझ्याकडे आहे. म्हणजे पूर्वी माझ्या कानात जो आवाज येत असे तो आता दुसऱ्यांच्या कानात माझा जातो. स्ट्रिंगरची बिले महिन्याच्या आत निघावीत यासाठी मी वारंवार भांडतो. कधी यश येते, कधी येत नाही. हल्ली मोबाइलवरच चित्रीकरण, संपादन आणि लाइव्ह सारे होते, त्यामुळे ट्रॅव्हल्सच्या चालकाला शोधावे लागत नाही. मात्र बातमीमागे मिळणारी रक्कम महागाईच्या मानाने वाढलेली नाही, आणि अपघात झाला तर स्ट्रिंगरच्या पाठीशी उभे राहणारे कुणी नाही. याबाबतीत आमच्या व्यवसायाने स्वतःच्याच माणसांवर अन्याय केला आहे असे माझे ठाम मत आहे.

१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात, खालापूर तालुक्यात, इर्शाळवाडीवर दरड कोसळली. इर्शाळगडाच्या कुशीतल्या त्या वाडीला गाडीरस्ता नव्हता, पायीच चढावे लागे, आणि यंत्रे वर नेता येत नव्हती. आमची चोवीस वर्षांची प्रतिनिधी पहाटे पावसात वर पोचली. सकाळी सातला तिला लाइव्ह घेण्याआधी डेस्कवरून मला आकडा विचारला गेला, कारण शेजारच्या पडद्यावर कुणीतरी एक आकडा चालवत होते. मी फोनवर तिला विचारले, “किती म्हणतात?” ती धापा टाकत म्हणाली, “सर, प्रत्येक जण वेगळं सांगतोय. मी स्वतः पाहिलेत ते पाच मृतदेह. वाडीची यादी खाली तहसीलदारांकडे बनतेय, तिथं आपला कुणी आहे का? आणि माझी बॅटरी अकरा टक्क्यांवर आलीय, वर येणाऱ्याबरोबर पॉवर बँक पाठवा.”

मी कर्जतच्या स्ट्रिंगरला फोन लावून त्याला तहसीलदारांजवळ बसायला सांगितले आणि डेस्कला कळवले, की पाच म्हणा.